पिन बसली म्हणजे झालं?

माझ्याकडे ॲडॉप्टरचा एक खण आहे, ही गोष्ट ओळखीच्या लोकांत पसरलेली आहे. कुणाच्या वाजवायच्या कीबोर्डचा, कुणाच्या छोट्या ऑडिओ मिक्सरचा, कुणाच्या गिटार पेडलचा (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने चालवायच्या डबीचा) ठोकळा मेला की फोन येतो. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो.

"अरे, घरात दुसरा एक सापडलाय. पिन बसतेय. लावू का?"

"थांब. आधी यंत्राच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाच."

"ॲडॉप्टरवर नऊ व्होल्ट लिहिलंय ना!"

"ॲडॉप्टरवरचं नंतर. यंत्रावरचं आधी."

इथे पलीकडून एक उसासा येतो. यंत्र उलटं करायचं, केबली काढायच्या, मोबाइलचा टॉर्च लावायचा आणि काळ्या प्लास्टिकवरची काळीच अक्षरं वाचायची, हे कुणालाच नको असतं. पण काय हवं ते यंत्र ठरवतं, ॲडॉप्टरने फक्त ते पुरवायचं. हरवलेल्या ॲडॉप्टरची आठवण, खणातल्या दुसऱ्या ठोकळ्याचा रंग, 'साधारण एवढाच होता' असं हाताने दाखवलेलं माप, यातलं काहीही उपयोगाचं नाही.

पिन बसण्यावर आपला एवढा विश्वास का, हे मला समजतं. बाकी सगळीकडे आकार हाच पुरावा असतो. हेडफोनचा जॅक मायक्रोफोनच्या तीन खिळ्यांच्या सॉकेटात जात नाही, आणि जात नाही म्हणून चूक होत नाही. डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, देणाऱ्या पिनच्या बाबतीतही हा शहाणपणा कुणाला सुचला नव्हता असं नाही. जपानी इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने आरसी-५३२०ए नावाचं एक मानक केलं. त्यात पिनचे पाच आकार आणि प्रत्येक आकाराला व्होल्टेजची हद्द ठरलेली: ३.१५ व्होल्टपर्यंत एक, ६.३ पर्यंत दुसरा, मग १०.५, १३.५ आणि १८. मधली पिन कायम पॉझिटिव्ह. म्हणजे बारा व्होल्टची पिन नऊ व्होल्टच्या यंत्रात शिरणारच नाही. कॉर्गच्या व्होल्का मालिकेतल्या छोट्या यंत्रांना जी बारीक पिन लागते ती याच घराण्यातली, नऊ व्होल्ट, मध्ये पॉझिटिव्ह. इतकी सरळ व्यवस्था जगभर चालली असती तर माझा फोन निम्म्याने कमी वाजला असता.

चालली ती दुसरीच पिन. बाहेरून ५.५ मिलिमीटर जाडीची, पोकळ नळीसारखी. पाच व्होल्टचा राउटर, नऊ व्होल्टचं पेडल, बारा व्होल्टचा कीबोर्ड, एकोणीस व्होल्टचा लॅपटॉप, सगळे हीच वापरू शकतात आणि वापरतात. वर तिच्यातही दोन पोटजाती. आतल्या भोकाचं माप एकीत २.१ मिलिमीटर, दुसरीत २.५. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. २.१ ची पिन २.५ च्या सॉकेटात जातच नाही, म्हणजे निदान कळतं तरी. उलट प्रकार त्रासदायक आहे: २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटात आरामात जाते, दिवा लागतो, आवाजही येतो. मग गाण्याच्या मध्येच कुणाचा तरी पाय केबलला लागतो आणि यंत्र बंद पडून पुन्हा चालू होतं. पिन आतल्या खिळ्याला नुसती टेकलेली असते. यंत्राचं सॉकेट खराब झालंय असं समजून ते उघडून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

व्होल्टेजबद्दल फार बोलण्यासारखं नाही: जेवढं लिहिलंय तेवढंच. नऊ तर नऊ. 'बारा चाललं की माझ्या मित्राकडे' हे खरं असू शकतं, पण चाललं म्हणजे काय, हे पाहायला हवं. पुष्कळ यंत्रांच्या आत पाच व्होल्टचा एक साधा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज एकाच आकड्यावर बांधून ठेवणारा भाग, असतो आणि वरचं सगळं व्होल्टेज तो उष्णतेत घालवतो. यंत्र २०० मिलिअँपिअर घेत असेल, तर नऊ व्होल्टवर त्याला ०.८ वॅट जिरवावे लागतात आणि बारा व्होल्टवर १.४. जवळजवळ पावणेदोन पट ताप, आणि तोही बंद डबीत. आतल्या कपॅसिटरांची (वीज साठवणाऱ्या भागांची) मर्यादाही नऊ व्होल्ट धरूनच निवडलेली असते. अशी यंत्रं त्याच दिवशी मरत नाहीत. काही महिन्यांनी मरतात, आणि तोवर ॲडॉप्टरचा संशय कुणालाच येत नाही.

कमी व्होल्टेजला लोक भीत नाहीत. 'कमी आहे, काय जळणार आहे?' जळत नाही, बरोबर. पण त्या साध्या पाच व्होल्टच्या रेग्युलेटरला काम करायला वर सुमारे दोन व्होल्टची मोकळीक लागते. ती मिळाली नाही, की व्होल्टेजमधले हेलकावे तो गाळू शकत नाही आणि ते थेट आवाजात उतरतात. ऑडिओच्या यंत्रात अपुरं व्होल्टेज घरघरीच्या रूपाने ऐकू येतं. विशेषतः जोरकस बेस आला, की वीज जास्त ओढली जाते, व्होल्टेज आणखी खचतं आणि नेमक्या त्याच क्षणी आवाज फाटतो. काही गिटारवादकांना हे फाटणं आवडतं. मरायला टेकलेल्या बॅटरीवर त्यांचं फझ (आवाज मुद्दाम खरखरीत करणारं) पेडल जास्त गोड वाजतं म्हणे, आणि ते मुद्दाम घडवून आणायला व्होल्टेज खाली उतरवता येणारे पॉवर सप्लायही विकत मिळतात. ज्याची त्याची आवड. आवाजाला घुमारा देणाऱ्या रिव्हर्बच्या डिजिटल पेडलला मात्र हा छंद परवडत नाही, ते सरळ अडकून पडतं.

अँपिअरचा आकडा मात्र तंतोतंत जुळवायचा नसतो, आणि गंमत अशी की लोक नेमके त्यालाच सर्वात जास्त घाबरतात.

"यंत्रावर ३०० मिलिअँपिअर लिहिलंय आणि हा दोन अँपिअरचा आहे. उडेल ना?"

उडणार नाही. भिंतीतल्या सॉकेटमधून कित्येक अँपिअर मिळू शकतात, तरी त्यावर लावलेला रात्रीचा छोटा दिवा फुटत नाही, कारण किती घ्यायचं ते दिवा ठरवतो. ॲडॉप्टरवरचा आकडा ही त्याची ताकद आहे, आणि यंत्रावरचा आकडा ही यंत्राची गरज. ताकद गरजेपेक्षा जास्त असली की झालं. थोडी मोकळीक ठेवलेली बरीच, म्हणजे ठोकळा गरम होत नाही आणि टिकतो. एकाच ॲडॉप्टरवर माळेसारखी चार-पाच पेडलं लावायची असतील तर गरजांची बेरीज करायची. आवाज थोडा फाडणारं साधं ॲनालॉग ओव्हरड्राइव्ह दहा-वीस मिलिअँपिअरमध्ये भागवतं, तर प्रतिध्वनी देणारा डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब एकटाच शंभर ते तीनशे मागू शकतो. बेरीज करताना हे डिजिटल पाहुणेच विसरले जातात.

आता पोलॅरिटी, म्हणजे अधिक कुठे आणि उणे कुठे. यंत्रावर आणि ॲडॉप्टरवर एक छोटं चित्र असतं: मध्ये ठिपका, भोवती अर्धवट गोल, दोन्हींकडून निघालेल्या रेघा आणि त्यांच्या टोकांना अधिक-उणे. ठिपका म्हणजे मधली पिन, गोल म्हणजे बाहेरची नळी. जगातली बहुतेक डीसी यंत्रं मध्ये अधिक घेतात. यामाहाच्या घरगुती कीबोर्डांना लागणारा पीए-१३० किंवा पीए-१५० घ्या: बारा व्होल्ट, मध्ये अधिक. गिटार पेडलांची दुनिया मात्र उलटी. नऊ व्होल्ट आणि मध्ये उणे. हा खोडसाळपणा आहे असं मला बरेच दिवस वाटायचं, पण त्यामागे साधं कारण आहे आणि ते मला फार आवडतं.

पेडल मुळात नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालायचं. ॲडॉप्टर लावला की बॅटरी आपोआप सुटी व्हावी, अशी सोय हवी होती. नेहमीच्या डीसी सॉकेटात एक स्विच असतो. पिन आत गेली की तिच्या रेट्याने एक पत्ती बाजूला होते आणि संपर्क तुटतो. ही पत्ती असते बाहेरच्या नळीच्या बाजूला. बॅटरीचं उणे टोक बहुतेक पेडलांत गिटारची केबल जिथे लागते त्या जॅकमधून आधीच फिरवून आणलेलं असतं, म्हणजे केबल काढली की पेडल बंद. उरलं अधिक टोक, ते या पत्तीवर घेतलं. अधिक बाहेर गेलं, म्हणून उणे मध्ये आलं. एका स्वस्त सॉकेटातल्या एका पत्तीमुळे एका अख्ख्या व्यवसायाची रीत ठरली, आणि आता ज्या पेडलांत बॅटरीची जागाच नसते तीही इमाने इतबारे मध्ये उणेच ठेवतात. अपवाद आहेतच. पीएनपी जातीच्या ट्रान्झिस्टरवरची जुन्या धाटणीची काही फझ पेडलं मध्ये अधिक मागतात. त्यांना बाकीच्यांच्या माळेत ओवलं की सगळी माळ शॉर्ट होते.

पोलॅरिटी उलटी लागली तर? ते आत डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, कसा बसवलाय यावर आहे. वाटेत आडवा घातलेला असेल, तर उलटी वीज शिरतच नाही, यंत्र नुसतं मुकं राहतं. या संरक्षणासाठी एरवी ०.६-०.७ व्होल्ट मोजावे लागतात, म्हणून अनेक कारागीर तो अधिक आणि उणे यांच्यामध्ये टाकतात. मग उलटी वीज आली की तो ती स्वतःवर घेतो, आणि ॲडॉप्टर ताकदवान असला तर जळतो. पुष्कळदा तेवढा डायोड बदलला की पेडल जिवंत होतं. डायोडच नसला तर काय काय गेलं ते उघडल्यावर कळतं.

ॲडॉप्टरवरच्या माहितीच्या पट्टीवरचं सगळं जुळूनही घोळ होतो, त्याचं एक नामांकित उदाहरण बॉस कंपनीच्या जुन्या पेडलांत आहे. त्यातल्या काहींवर एसीए असं, म्हणजे जुन्या ॲडॉप्टरचं नाव, लिहिलेलं असतं. त्या काळचे ॲडॉप्टर रेग्युलेटेड नसत. नावाला नऊ व्होल्ट, पण पेडलसारखा हलका भार असला की प्रत्यक्षात बाराच्या आसपास. म्हणून पेडलमध्येच रेझिस्टर आणि डायोड घालून ते खाली आणलेलं असे. पुढे पक्के नऊ व्होल्ट देणारा पीएसए ॲडॉप्टर आला. तो या जुन्या पेडलला एकटाच लावला, की आतला रेझिस्टर आपला हिस्सा कापून घेतो, दिवा मंद होतो आणि आवाज दुबळा. गंमत म्हणजे त्याच ॲडॉप्टरवर शेजारी एखादं नवं पेडल माळेत जोडलं, दोघांना गिटारच्या केबलने एकत्र केलं, की उणे टोकाला रेझिस्टर टाळून जाणारी वाट मिळते आणि म्हातारं पेडल टुणकन उठून बसतं. चमत्कार वाटतो. रेग्युलेटेड नसलेले असे वजनदार ठोकळे अजून खणांत पडून आहेत. नऊ लिहिलेल्यावर मीटर तेरा-चौदा दाखवतो तेव्हा मीटर बिघडलेला नसतो.

यापुढचा भाग वाचताना जरा सावकाश, कारण यात सगळ्यात जास्त यंत्रं मरतात. प्रत्येक ॲडॉप्टर डीसी देतोच असं नाही. पट्टीवर आउटपुटपुढे सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी. नागमोडी लाट असेल तर एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज. ही लाट इनपुटच्या ओळीतही असते, म्हणून घाईत फसगत होते. ऑडिओमध्ये एसी देणारे ॲडॉप्टर इतर कुठल्याही क्षेत्रापेक्षा जास्त भेटतात. लाइन ६ चं हिरवं डीएल४ डिले, डिजिटेकचं चौथ्या पिढीचं व्हॅमी पेडल, एआरटीचा ट्यूब एमपी प्रीॲम्प, सगळे नऊ व्होल्ट एसी मागतात. बेरिंजरच्या काही छोट्या मिक्सरांना तर तीन खिळ्यांची वेगळी पिन आणि १८.५ व्होल्ट एसी दोनदा लागतं.

हे विक्षिप्त वाटतं, पण मिक्सरच्या आत डोकावलं की पटतं. तिथल्या आवाज वाढवणाऱ्या ऑपॲम्प चिपांना शून्याच्या वर पंधरा आणि खाली पंधरा अशी दुहेरी वीज हवी असते. कंडेन्सर मायक्रोफोनसाठी ४८ व्होल्टचं फँटम, म्हणजे केबलमधूनच त्याला दिलेली वीज, वेगळंच. डीसीची एकच रेघ हातात असेल तर हे सगळं काढायला आत जास्तीची सर्किटं लागतात, आणि त्या सर्किटांची स्वतःची किरकिर असते. एसी हातात असेल तर काम स्वस्त होतं: लाटेचा वरचा अर्धा भाग एका डायोडने घेतला, खालचा दुसऱ्याने, दुहेरी वीज तयार. आणखी थोडे डायोड आणि कपॅसिटर लावून व्होल्टेज पायरीपायरीने चढवत ४८ पर्यंत नेता येतं. अशा यंत्राला डीसी दिलं तर ते अर्धवट जागं होतं किंवा होतच नाही. डीसीच्या यंत्राला एसी दिलं, तर सेकंदाला पन्नास वेळा उलटी पोलॅरिटी दिल्यासारखं होतं. आणि पिन? तीच ५.५ मिलिमीटरची.

समजा, हे सगळं जुळलं. व्होल्टेज बरोबर, ताकद पुरेशी, पोलॅरिटी ठीक, पिन घट्ट. तरी ऑडिओसाठी ॲडॉप्टर योग्य आहे असं मी म्हणत नाही, कारण आवाजाच्या यंत्राला लागणारा सर्वात मोठा गुण कुठल्याच पट्टीवर छापलेला नसतो: शांतपणा. राउटरला घरघरीशी देणंघेणं नसतं. प्रीॲम्प मात्र मायक्रोफोनमधून आलेला काही मिलिव्होल्टचा आवाज शेकडो पट वाढवत बसलेला असतो, त्याच्यासोबत ॲडॉप्टरची घाणही वाढते.

घाण कसली आहे ते कानाने ओळखता येतं. ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या ठोकळ्याची घरघर विजेच्या दुप्पट गतीची असते, कारण लाटेचे दोन्ही अर्धे भाग वापरले जातात. जिथे वीज ५० हर्ट्झची तिथे १०० हर्ट्झ. पेटीच्या भाषेत खालच्या सप्तकातली पांढरी पाच, किंचित चढी. ६० हर्ट्झच्या देशांत १२० हर्ट्झ, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध, कुठल्याच सुरात नाही. मला हे त्या देशांवर अन्यायकारक वाटतं. घरघर हळूहळू काही महिन्यांत वाढत गेली असेल तर आतला कपॅसिटर वाळत चालला आहे. मीटर लावून पाहिलं तर आकडा ठीक दिसेल, कारण मीटर जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. भार लावल्यावर काय होतं ते पाहायला हवं. जाड, साधी ५० हर्ट्झची हम असेल तर तपास दुसरीकडे न्यायचा: एक तर अर्थिंगचा फेरा (यंत्रं एकाहून जास्त वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्याने बनलेला), नाही तर ट्रान्सफॉर्मर एखाद्या टर्नटेबलच्या किंवा गिटार पिकअपच्या फार जवळ ठेवलेला. दोन हात लांब सरकवला आणि आवाज गेला, तर नवा ॲडॉप्टर घ्यायचीही गरज नाही.

हल्लीचे हलके, १०० ते २४० व्होल्टवर कुठेही चालणारे ॲडॉप्टर स्विचिंग जातीचे असतात. ते आत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतात-जोडतात. ही गती कानाच्या पलीकडची असते, त्यामुळे नीट बांधलेला स्विचिंग ॲडॉप्टर जुन्या ठोकळ्यापेक्षा पुष्कळदा शांत असतो. 'स्विचिंग म्हणजे वाईट' हा जुन्या जाणत्यांचा हट्ट मला पटत नाही. खरी कटकट वेगळी आहे. अशा ॲडॉप्टरमध्ये भिंतीकडची आणि यंत्राकडची बाजू एका छोट्या कपॅसिटरने जोडलेली असते. ॲडॉप्टर दोन पिनांचा असला आणि साखळीतल्या कुठल्याच यंत्राला अर्थिंग नसलं, की या वाटेने अगदी सूक्ष्म वीज यंत्राच्या धातूवर येते. बोटांना झिणझिण्या, मायक्रोफोनला ओठ लागला की चावा, आणि हात लावताच बदलणारा चिरका आवाज. साखळीला एका ठिकाणी नीट अर्थिंग मिळालं की हे थांबतं. यावर उपाय म्हणून जे लोक दुसऱ्या यंत्राची अर्थिंगची पिन कापतात, त्यांच्याशी मी वाद घालतो आणि फोन ठेवत नाही.

तिसरी घाण म्हणजे बारीक शिट्टी, जी डिलेचा वेळ फिरवला की सूर बदलते. ती डिजिटल पेडलच्या घड्याळाची असते आणि सामाईक उणे तारेतून शेजारच्या ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते. तिथे महागडा ॲडॉप्टरही हरतो. प्रत्येक आउटपुट वेगळं, विलग असलेला सप्लाय हवा.

पेडलवाल्यांकडे एक सोपी कसोटी आहे आणि ती ते विसरतात: बॅटरी. तेच पेडल, त्याच केबली, फक्त वीज बॅटरीची. आवाज गेला तर दोष ॲडॉप्टरचा, राहिला तर बाकीच्यांचा.

बटण फिरवून तीनपासून बारा व्होल्टपर्यंत काहीही देणारे आणि पिन उलटसुलट लावता येणारे सर्वोपयोगी ॲडॉप्टर मी कुणालाच सुचवत नाही. बटणाला धक्का लागतो.

यूएसबी-सी मुळे हे सगळं संपणार का? काही अंशी. युरोपीय संघात २०२४ च्या डिसेंबरपासून हेडफोन आणि ने-आण करायच्या स्पीकरना तेच सॉकेट सक्तीचं झालं आहे. नऊ किंवा बारा व्होल्टची यंत्रं यूएसबी-सी चार्जरवर चालवणाऱ्या केबलीही मिळतात. केबल चार्जरकडे ठरावीक व्होल्टेज मागते आणि चार्जर ते देतो. पण चार्जरच्या नेहमीच्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० व्होल्टच्या आहेत. बारा ऐच्छिक आहे. चार्जरकडे बारा नसेल तर केबल नऊवर किंवा पाचवर समाधान मानते, आणि कीबोर्ड का चालत नाही म्हणून मला फोन येतो. चार्जरवरच्या बारीक अक्षरांत बारा आहे का, ते आधी वाचावं लागतं. एसी मागणाऱ्या मिक्सरला तर यातलं काहीच लागू नाही.

खणातल्या ज्या ठोकळ्यांवरची अक्षरं पुसली आहेत त्यांचं काय, असंही विचारतात. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल टोक पिनच्या आत आणि काळं बाहेर लावलं, की व्होल्टेज कळतं. आकड्यापुढे उणे आलं तर मध्ये उणे आहे. डीसीवर शून्य आणि एसीवर आकडा आला तर तो एसीवाला. ताकद मात्र अशी कळत नाही. ती मोजायला म्हणून मीटर अँपिअरवर ठेवून टोकं पिनला लावणं म्हणजे ॲडॉप्टर शॉर्ट करणं, त्यात मीटरचा फ्यूज आधी जातो. त्यामुळे पट्टी नसलेला ठोकळा, कितीही चांगला दिसला तरी, मी ई-कचऱ्याच्या पिशवीत टाकतो.